जंताचं औषध पाजलं तरी कोंबड्यांचे तुरे फिकेच. आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोडला घरामागे दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत, अंडी घटलीत, तुरे फिके पडलेत, पिपराझीन पाजूनही फरक नाही, आणि हल्ली संध्याकाळी त्या खुराड्यात शिरायला तयार नसतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कोंबडी रोजची जागा सोडून झाडावर नाहीतर मोटारसायकलच्या सीटवर जाऊन बसायला लागली, की रात्री आत तिला काहीतरी चावतंय असं समजायचं. मी जुळे सोलापुरात बरीच वर्षं कोंबड्या पाळतोय. आपल्या कोरड्या हवेत माझा पहिला संशय जंतांवर नसतो, गोचिडांवर असतो.

गुरांच्या अंगावर दिसतो तो हा गोचीड नव्हे. कोंबडीचा गोचीड चपटा, तपकिरी, चामड्यासारख्या पाठीचा. दिवसभर भिंतीच्या भेगेत, शहाबादी फरशीच्या सांध्यात, पत्र्याखालच्या लाकडाच्या फटीत पडून असतो. रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि टंच, निळसर होऊन परत फटीत शिरतो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करा, मोठा गोचीड हाती लागत नाही. त्याची बारकी पिल्लं मात्र पंखाखालच्या उघड्या कातडीला काही दिवस चिकटून राहतात, काळपट निळ्या दाण्यांसारखी. मोठा गोचीड वर्षभराहून जास्त उपाशी जगू शकतो. त्यामुळे खुराडं महिना-दोन महिने रिकामं ठेवून काही साधत नाही.

आज रात्री अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. बसायच्या दांडीची खालची बाजू बघा, विशेषतः भिंतीला टेकतं ते टोक. जुन्या सुरीचं पातं फटीतून ओढा. रक्ताचा डाग लागला तर तपास संपला. दांडीखालून पांढरं फडकं फिरवल्यावर बारीक लाल रेघा उमटल्या तर ते लाल माइट, म्हणजे गोचिडाच्याच जातकुळीतले अगदी बारीक किडे. तेही दिवसा लपतात, रात्री रक्त पितात. उपाय दोघांना एकच.

गोचिडांतून स्पायरोकीटोसिस नावाचा आजारही पसरतो. ताप, हिरवी पातळ हगवण, आणि बघता बघता मरतूक. आपल्याकडे हिरवी हगवण दिसली की लोक मानमोडी (राणीखेत) म्हणून मोकळे होतात. पण मानमोडीवर औषध नाही, लसच लागते. या आजाराला मात्र पेनिसिलिन लागू पडतं. त्यामुळे एखादी मेलीच तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

आता उपाय. कोंबडीवर कितीही औषध मारलं तरी घर तसंच राहिलं तर सगळं वाया. खुराडं रिकामं करा, जुना भुसा-पाचट जाळा, फटींत उकळतं पाणी ओता. लोखंड-दगडाचं काम असेल तर ब्लोलॅम्पची आच फिरवा. लाकूड आणि पाचटापासून लांब, हे सांगायला नकोच. मग डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून भिंती, छत, दांड्या यांवर फवारा. फटीत जोरात धार जायला हवी. दाण्या-पाण्याची भांडी आधी बाहेर. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही, नंतर फुटलेली पिल्लं दुसऱ्या फेरीत मरतात. मग भेगा सिमेंटने बुजवा आणि वरून चुना मारा. बसायची दांडी भिंतीत खुपसण्याऐवजी सुटी घोडी करा आणि तिचे पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत ठेवा. गोचिडाला वर चढायची वाटच राहत नाही. हे आमच्याकडे सगळ्यात स्वस्तात झालेलं काम.

कुणी गॅमॅक्सिन पावडर सुचवेल. ऐकू नका, ती म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक, त्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे, आणि ती अंडी तुमचीच पोरं खाणार आहेत. गुरांना गोचीड-जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनही अंदाजाने टोचू नका.

उवांचं निराळं. त्या चोवीस तास अंगावरच असतात. शेपटीखाली, शीट पडते त्या जागेची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे पुंजके दिसतील आणि पिवळसर उवा पळताना दिसतील. डॉक्टर सांगतील ती पावडर अंगाला चोळायची आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कोरडी माती आणि चाळलेली राख पसरून ठेवा, धुळीत लोळून कोंबड्या उवा बऱ्याच आटोक्यात ठेवतात. पायाचे खवले उचकटून जाड झाले असतील तर ती पायाची खरूज. कोमट साबणपाण्यात भिजवून, खवले न ओढता, व्हॅसलीन नाहीतर खोबरेल जाड थापत राहा.

आणि जंत. पिपराझीन गोल जंतांवरच चालतं. शिटेत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, त्यांना पिपराझीनचा काही उपयोग नाही. मुंग्या, किडे खाणाऱ्या मोकळ्या कोंबड्यांत ते असतातच. सकाळची ताजी शीट स्वच्छ बाटलीत घालून तपासायला द्या आणि कोंबडीच्या वजनावर डोस घ्या. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्याच वेळी विचारून घ्या. लहान पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर ते जंत नाहीत, कॉक्सिडिया आहे, म्हणजे आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी. त्याला पाण्यातून अँप्रोलियम हे औषध देतात, आणि ते डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी सुरू करा, आठवडाभर वाट बघू नका.