दान आलेली औषधे मेळघाटात नेताना

प्रश्न : मी फार्मासिस्ट आहे. आमच्या मंडळाने सोसायट्यांमधून उरलेली औषधे गोळा केली आहेत. ती धारणी तालुक्यातल्या कोरकू गावांतील शिबिरांना द्यायची आहेत. सुरुवात कशी करू?

उत्तर : आधी शिबिराच्या डॉक्टरांना फोन करा आणि यादी लेखी मागवा : औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती रुग्ण, किती दिवस. रक्तदाबाचे ६० रुग्ण रोज एक गोळी घेत असतील तर महिन्याला १८००. त्यावर दहा टक्के जादा धरले की १९८०, म्हणजे दहाच्या १९८ पट्ट्या. पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, तेव्हा दोन महिन्यांचा साठा आधीच पोचवा.

घरांतून आलेले बहुतेक बाद करावे लागेल. पट्टी गॅसशेजारी होती की गाडीच्या डिकीत, हे आता कुणीच सांगू शकत नाही. बॅच नंबर आणि मुदत अनेकदा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक कापले गेले की गोळी बिननावाची होते. सुट्या गोळ्या, उघडलेली सिरप, डोळ्यांचे थेंब, दाबलेल्या ट्यूब घेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही (१९९६, सुधारित २०१०) हेच सांगतात : रुग्णांनी परत केलेली औषधे दान करू नयेत आणि औषध पोचेल तेव्हा किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. म्हणून न फोडलेली खोकी केमिस्ट आणि होलसेलरकडून मागा. घरांकडून पैसे घ्या आणि जनऔषधी केंद्रातून यादीप्रमाणे खरेदी करा. लोकांना हे पटवणे जड जाते, पण यात माघार घेऊ नका.

सगळ्यात मोठा घात ब्रँडच्या सरमिसळीने होतो. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचे दोन ब्रँड दोन महिन्यांत मिळाले की रुग्ण दोन्ही गोळ्या रोज घेतो. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमच्या जागी ४ चे गेले तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. एका औषधाचा एकच ब्रँड आणि एकच मात्रा ठेवा. पाकिटावर मूळ नाव देवनागरीत लिहा, सकाळ-रात्रीसाठी सूर्य आणि चंद्र काढा. आशाताईंकरवी रुग्णाला कोरकूत समजावून सांगा आणि त्याला ते परत सांगायला लावा. नुसती मान डोलावली म्हणजे कळले असे धरू नका. जुलाबाच्या मुलासाठी ओआरएसबरोबर झिंक २० मिलिग्रॅम १४ दिवसांचे पूर्ण द्या (सहा महिन्यांखालील बाळाला अर्धी गोळी). जुलाब थांबले की आई गोळी बंद करते, हे तिथेच बोलून ठेवा.

प्रिस्क्रिप्शनशिवाय काही देऊ नका. फार्मसी कायदा १९४८ प्रमाणे प्रिस्क्रिप्शनवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते, तेव्हा हे काम स्वयंसेवकांवर सोपवता येत नाही. रजिस्टरमध्ये बॅच नंबरचा रकाना हवाच : उद्या एखादी बॅच परत मागवली तर ती कोणत्या गावात गेली ते त्यातूनच सापडेल.

प्रश्न : इन्सुलिन कसे न्यावे? परतवाड्याहून सेमाडोहमार्गे जायचे आहे.

उत्तर : २ ते ८ अंश सेल्सिअसला. उन्हाइतकीच भीती गोठण्याची आहे. फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक थेट बाटलीला टेकला की इन्सुलिन गोठते. वितळल्यावर ते दिसायला ठीक वाटले तरी वापरू नये. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी डुचमळू लागले की मगच डब्यात घाला. मध्ये जाड पुठ्ठा आणि आत थर्मामीटर ठेवा. रुग्णाच्या घरी फ्रीज नसेल तर एका वेळी एकच बाटली द्या. उघडलेली बाटली सावलीत ओल्या मातीच्या मडक्यात ठेवून साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

प्रश्न : बाद झालेल्या औषधांचे काय करावे?

उत्तर : कचऱ्यात, नाल्यात किंवा शेकोटीत टाकू नका. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत जातात. शहरातल्या ज्या रुग्णालयाकडे कचरा उचलणारी गाडी येते, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. देण्यापूर्वी पट्ट्या कापा आणि खोक्यांवर काट मारा. अखंड खोकी भंगारात गेली तर पुन्हा विक्रीला येऊ शकतात.