'जेन एअर' शेवटी लग्नच करते, मग तिला स्वतंत्र बाई का म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर' कादंबरीतली जेन शेवटी आपल्या मालकाशी, रॉचेस्टरशीच लग्न करते, तर या कादंबरीला स्त्रीच्या स्वातंत्र्याची कादंबरी का म्हणतात. कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा माझीही अशीच चिडचिड झाली होती. एवढी मानी मुलगी, आणि शेवटी त्याच मालकाशी लग्न! दुसऱ्यांदा वाचली ती नोकरीला लागल्यावर. तेव्हा माझं सगळं लक्ष पुस्तकातल्या पैशांकडे गेलं, आणि जेन मला वेगळीच दिसली.

अनाथ जेनला शाळेत शिकवण्याचे वर्षाला १५ पौंड मिळत असतात. ती स्वतः पेपरात जाहिरात देते आणि थॉर्नफील्डला, म्हणजे रॉचेस्टरच्या वाड्यात, ३० पौंडांवर गव्हर्नेसची (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईची) नोकरी मिळवते. पुढे आजारी मामीला भेटायला निघताना ती मालकाकडे पगार मागते. देणं १५ पौंडांचं. रॉचेस्टर ५० ची नोट पुढे करतो. तिच्याकडे सुटे नाहीत, म्हणून ती घेत नाही. मग तो १० देतो आणि पुरेत ना म्हणतो. ती म्हणते, हो, पण आता तुमच्याकडे माझे पाच राहिले. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याशी असा चोख हिशेब! शार्लट ब्रॉन्टेने स्वतः १८४१ मध्ये २० पौंडांवर गव्हर्नेसची नोकरी केली होती, आणि त्यातले चार कपडे धुण्याचे म्हणून कापले जायचे. पाच पौंड म्हणजे काय, हे तिला नेमकं माहीत होतं.

लग्न ठरल्यावरचं चोविसावं प्रकरण तर मी कितीदा तरी वाचलंय. रॉचेस्टर तिला रेशमाच्या दुकानात नेतो, सहा पोशाख घ्यायचे म्हणतो. ती सहाचे दोन करते. तो झगझगीत जांभळं आणि गुलाबी कापड निवडतो. ती त्याला काळ्या आणि राखाडीवर आणते. तो जितकी खरेदी करतो तितके तिचे गाल अपमानाने तापतात. आणि ती सांगते, लग्नानंतरही मी तुमच्याकडे वाढणाऱ्या अदेलला शिकवीन, राहण्या-जेवणासह वर्षाला ३० पौंड कमवीन आणि माझे कपडे त्यातूनच घेईन.

माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा एका घरी म्हणाले, "नोकरीची गरजच काय, आमच्याकडे कशाला कमी नाही." अगदी मायेने म्हणाले. मी नको म्हटलं, पण का ते आईला धड सांगता येईना. ते या दुकानातल्या प्रसंगात सापडलं.

त्या खरेदीच्याच दिवशी आपले स्वतःचे थोडे तरी पैसे असावेत म्हणून जेन मदीरा बेटावर असलेल्या काकांना पत्र लिहिते. रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असते आणि ते त्याने लपवलेलं असतं; तिचा भाऊ तेव्हा नेमका त्या काकांकडे असतो. पत्रातून लग्नाची बातमी त्याला कळते आणि लग्न ऐन चर्चमध्ये मोडतं. म्हणजे दोन बायकांच्या फसव्या संसारातून तिला वाचवते ती तिची स्वतःच्या पैशाची ओढच.

मग ती घर सोडते, उपाशी फिरते, पुढे सेंट जॉनकडे आसरा मिळतो. तो मिशनरी, हिंदुस्थानात जायला निघालेला. तिला हिंदुस्तानी शिकवतो आणि लग्नाची मागणी घालतो. तुमच्याबरोबर सहकारी म्हणून येईन, बायको म्हणून नाही, यावर ती ठाम राहते. प्रेमाशिवायचं लग्न तिला देवाच्या नावानेही मान्य नाही. काकांचे २०,००० पौंड मिळतात तेव्हा ती सेंट जॉन आणि त्याच्या दोन बहिणींसह त्याचे चार भाग करते आणि स्वतःला ५,००० ठेवते. हे सगळं झाल्यावर ती रॉचेस्टरकडे परत जाते; तोवर त्याची पहिली बायको वारलेली असते.

आता ते प्रसिद्ध वाक्य बघा: "वाचकहो, मी त्याच्याशी लग्न केलं." आपल्या आज्यांच्या तोंडी "मला अमक्या गावी दिली" असायचं, आपण अजूनही "माझं लग्न झालं" म्हणतो. १८४७ मधली ही मुलगी "मी केलं" म्हणते, तेही आधी त्याला आपण श्रीमंत आहोत, आपल्या मर्जीच्या मालकीण आहोत, असं सांगून.

तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोचा पैसा कायद्याने नवऱ्याचा होई; स्वतःच्या मालमत्तेचा पुरा हक्क विवाहितेला १८८२ च्या कायद्याने मिळाला. जेनच्या ५,००० चं लग्नानंतर काय झालं, याबद्दल कादंबरी गप्प आहे. पण तो जुना कायदा बाईचं काय करू शकतो ते थॉर्नफील्डच्याच घरात दिसतं. रॉचेस्टरची पहिली बायको बर्था ३०,००० पौंड घेऊन आली होती. त्या पैशासाठीच त्याच्या बापाने ते लग्न जुळवलं. जेन खाली ३० पौंडांसाठी हट्ट धरून बसली होती तेव्हा ती बाई तिसऱ्या मजल्यावर कुलपात होती, आणि जेनला तिचं नावही माहीत नव्हतं.