शाळेच्या पार्टीला जायचं की नाही?

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद. परदेशी तरुणांना जपानी शाळांत शिकवायला नेणाऱ्या जेट योजनेतून तुझी निवड झाली हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी, घाईघाईत विचारल्यासारखी एक शंका तू लिहिली आहेस: ‘मी दारू पीत नाही, मांसमच्छी खात नाही. मग शाळेच्या पार्ट्यांना न गेलेलं बरं, नाही का?’ मला तुझ्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. जा. सगळ्या पार्ट्यांना नाही, पण स्वागताची, डिसेंबरातली ‘बोनेनकाई’, म्हणजे वर्षअखेरीची पार्टी, आणि मार्चमधली निरोपाची चुकवू नकोस.

याचं कारण दिवसाच्या स्टाफरूममध्ये आहे. जपानी शाळेत सगळ्या शिक्षकांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत, एकमेकांना चिकटून असतात. तिथे बसलेला माणूस सकाळच्या सभेपासून संध्याकाळच्या क्लबच्या सरावापर्यंत कामात बुडालेला असतो. शेजारचे गणिताचे सर आठवडेच्या आठवडे तुझ्याशी ‘ओहायो गोझाइमासु’ (सुप्रभात) यापलीकडे एक शब्द बोलणार नाहीत. तू त्यांना नकोशी आहेस असं समजू नकोस. त्यांना वेळ नसतो, इंग्रजी बोलायचा संकोच असतो, आणि तुझ्या कामात व्यत्यय आणू नये असंही मनापासून वाटत असतं. तेच सर इझाकायात, म्हणजे दारू आणि खाणं मिळणाऱ्या जपानी खानावळीत, समोर बसले की तुझे आईवडील काय करतात, पुण्यात बर्फ पडतो का, सगळं विचारतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गप्प झाले तर मन खट्टू करून घेऊ नकोस. फरक दुसरीकडे दिसतो. तास बदलला, सभा रद्द झाली, तर आता ते उठून तुला सांगायला येतात.

जेटची बहुतेक मंडळी जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये पोहोचतात, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. शाळेची मुख्य स्वागत-पार्टी एप्रिलमध्येच, शालेय वर्ष सुरू होताना, झालेली असते. तुझ्यासाठी वेगळी झाली तर उत्तम, पण नाही झाली तरी ती उपेक्षा मानू नकोस. सप्टेंबरात शाळा भरली की पुढची पार्टी कधी आहे ते तूच विचार. परदेशी शिक्षकाला यायचं असेल की नाही या विचाराने कित्येकदा आमंत्रण तोंडातच राहतं. तू एकाहून जास्त शाळांत जाणार असशील तर हे आणखी खरं. प्रत्येक शाळेला वाटतं, दुसऱ्या शाळेने बोलावलं असेल.

प्रत्येक पार्टीचा एक ‘कानजी’ असतो. हॉटेल ठरवणं, पैसे गोळा करणं, सगळं त्याच्याकडे. खाण्याचं त्याला आठवडाभर आधी सांग, आणि नुसतं ‘शाकाहारी’ म्हणू नकोस. मांस नको, मासे नकोत, माशांचं ‘दाशी’ही नको, असं एकेक सांग, कारण मिसो सूपपासून उकडलेल्या भाज्यांपर्यंत बहुतेक सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. थंड तोफूवरही बहुतेक वेळा त्याच माशाचे पापुद्रे भुरभुरवलेले असतात. एदामामे (हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), भात, बटाट्याच्या काचऱ्या मिळतील. पोटभर होईलच असं नाही, म्हणून निघण्याआधी घरी थोडं खाऊन घे. वर्गणी साधारण चार-पाच हजार येन, आणि न पिणाऱ्यालाही बहुधा तेवढीच. ती खळखळ न करता दे. ऐनवेळी येणं रद्द केलंस तरी द्यावी लागते.

‘कानपाई’, म्हणजे सगळ्यांनी मिळून ग्लास उंचावणं, होईपर्यंत ग्लासला तोंड लावायचं नाही. ग्लासमध्ये ऊलाँग चहा असला तरी चालतो, कोणी वाकडं बघत नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. तुझ्या ग्लासात कोणी ओतू नये असं वाटत असेल तर तो भरलेलाच राहू दे. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या दोघा-तिघांना तू ओतलंस की शिष्टाचार पुरा झाला. तरुण मुलगी म्हणून सगळ्या टेबलांवर बाटली घेऊन फिरायची अपेक्षा कोणी केली, तर हसून आपल्या जागेवर येऊन बस. पिण्याचा आग्रह झाला तर ‘नोमेमासेन’ (मला पिता येत नाही) एवढं पुरे, कारण देत बसू नकोस. या दोन गोष्टींत मी तुला जुळवून घ्यायला मुळीच सांगणार नाही.

पहिली फेरी दोन तासांची असते. शेवटी सगळे मिळून टाळी वाजवतात आणि मग दुसऱ्या फेरीची, म्हणजे बहुधा कॅराओकेची, कुजबुज सुरू होते. तिला जायलाच हवं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कानजीचे आणि मुख्याध्यापकांचे आभार मान, आणि रात्री कोणी काही मन मोकळं केलं असेल तर त्याचा स्टाफरूममध्ये उल्लेखही करू नकोस.

गाडीचं नीट ऐक. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत नुसतं बसलं तरी जपानमध्ये गुन्हा होऊ शकतो. नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवाल्यांसाठीही कायदा कडक झाला आहे. गावाकडे लोक ‘दाइको’ बोलावतात: दोन माणसं येतात, एक तुमची गाडी तुम्हाला बसवून घरी आणतो, दुसरा मागून त्यांची गाडी घेऊन येतो. कोणी ‘चल, सोडतो’ म्हणालं तर त्याने काय घेतलं आहे ते आधी बघ.

मार्चबद्दल तुला आत्ताच सांगून ठेवते, कारण त्याची मनाची तयारी लागते. सरकारी शाळांतले शिक्षक काही वर्षांनी बदलून जातात, आणि बदल्या मार्चच्या उत्तरार्धात जाहीर होतात. बऱ्याच ठिकाणी स्थानिक वर्तमानपत्रांत नावांच्या याद्या छापून येतात. ज्यांनी तुला वर्षभर सांभाळलं ते इंग्रजीचे सर किंवा बाई एक एप्रिलला दुसऱ्या गावी रुजू झालेल्या असतील. निरोपाच्या पार्टीत एकेक जण उभा राहून बोलतो, आणि एरवी कधी हसतही न दिसलेली माणसं रडतात. त्या संध्याकाळी तू तिथे हवीस. जपानी येत नसेल तर दोन वाक्यं पाठ करून जा, कागदावर लिहून वाच, पण त्यांनी तुझ्यासाठी काय केलं ते नेमकं सांग. मला या देशातली माणसं मनापासून आवडली ती अशा संध्याकाळी भेटली म्हणून.

आणि म्हणूनच, सगळी मैत्री शाळेतच शोधू नकोस. दर एप्रिलला स्टाफरूम अर्धीमुर्धी बदलली तर तू एकटी पडशील. गावातल्या ‘कोमिनकान’मध्ये, म्हणजे सार्वजनिक सभागृहात, तायको (जपानी ढोल), सुलेखन, व्हॉलीबॉल असं काही ना काही चालू असतं, आणि तिथली मंडळी बदलून जात नाहीत. टोकियोच्या जवळपास नेमणूक मिळाली तर टोकियोतल्या निशिकासाई भागात आपली माणसं आणि तुरीची डाळ दोन्ही मिळतील. जरूर जा, पण दर शनिवार-रविवार नको. सुट्टीच्या दिवशी तू तुझ्या गावात दिसायला हवीस.

नेमणूक कोणत्या गावी झाली ते कळलं की लगेच लिही.

तुझी,
ताई