मास्टर प्लॅनच्या नकाशात शेतातून रस्ता : सामूहिक निवेदनावर विसंबून राहू नका

आपला प्रश्न वाचला. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागापलीकडे आपली वडिलोपार्जित दोन एकर भातशेती आहे, तात्पुरती मंजुरी मिळालेल्या मास्टर प्लॅनच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशात तिच्या मधून प्रस्तावित रस्ता दाखवला आहे, उरलेला तुकडा हिरव्या पट्ट्यात गेला आहे, उताऱ्यावर अजून दिवंगत आजोबांचेच नाव आहे आणि गावाने शेकडो सह्यांचे एक निवेदन दिले आहे. तेवढे पुरेसे होईल का, असे आपण विचारले आहे. पुरेसे होणार नाही. आमचे कुटुंब याच वाटेने गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी वकील नाही आणि नगररचनाकारही नाही. कलमांचे जे उल्लेख खाली येतील ते आपल्या वकिलांकडून एकदा तपासून घ्यावेत.

सामूहिक निवेदनाला माझा विरोध नाही. गाव एकत्र आहे हे त्यातून दिसते, वर्तमानपत्रात फोटो येतो, आमदारांना दखल घ्यावी लागते. मात्र हरकतींची छाननी होते तेव्हा ‘आमच्या सुपीक जमिनी वाचवा’ एवढाच मजकूर असलेले निवेदन तक्त्यातली एक ओळ होऊन बसते आणि तिच्यापुढे ‘धोरणात्मक बाब’ असा शेरा पडतो. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ च्या कलम १३ प्रमाणे तात्पुरता मंजूर आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांत लोकांनी आपले म्हणणे मांडायचे असते. हे म्हणणे प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र कागदावर मांडावे, आणि त्यात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठ्यांत क्षेत्र, नकाशात काय दाखवले आहे आणि त्याऐवजी काय हवे, हे सर्व असावे. एकाच घरातल्या तीन भावांचे तीन हिस्से असतील तर तीन कागद द्यावेत.

आता आम्हाला सर्वांत महाग पडलेली गोष्ट सांगतो. ते कार्यालय कोणते, हे मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. सूचना फलकावर लागली होती, पण नकाशा लावलेला नव्हता. नकाशाची एकच प्रत होती, ती साहेबांच्या खोलीत होती, साहेब फिरतीवर होते आणि खोलीला कुलूप होते. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की शिपाई आम्हाला नावाने ओळखू लागला. अखेर नकाशा टेबलावर पसरला गेला तेव्हा कळले की सर्व्हे नंबर मुंगीएवढ्या अक्षरांत आहेत आणि पोटहिस्से तर दाखवलेलेच नाहीत. निवासी भाग पिवळा, सार्वजनिक वापराचा लाल, शेतीचा हिरवा. आणि त्या हिरव्यातून तुटक अशा दोन समांतर रेघा, म्हणजेच प्रस्तावित रस्ता. ती रेघ बांधाच्या कडेने गेली असती तर आम्ही समजून घेतले असते. ती नेमकी विहिरीवरून गेली होती. भात निघाल्यावर जिच्या पाण्याच्या भरवशावर आम्ही मसूर आणि वाटाणा करतो, ती बांधीव विहीर नकाशात कोठेच नव्हती.

त्यानंतर आवक-जावकच्या खिडकीवर दुसरा अध्याय सुरू झाला. आमचा अर्ज मराठीत होता. तेथील लिपिकाने तो वरवर चाळून परत सरकवला आणि ‘कन्नडमध्ये आणा’ एवढेच सांगितले. हे त्याने तोंडी सांगितले. कागदावर काही लिहिले नाही, शिक्का मारला नाही, परत केल्याची नोंदही केली नाही. टंकलेखकाकडून भाषांतर करून घेईपर्यंत मुदत उलटून गेली आणि सुनावणीच्या यादीत आमचे नाव आले नाही. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की आपली हरकत मुदतीत प्राप्त झालेली नाही. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर खरे होते, कारण खिडकीवरून परत आलेल्या अर्जाचा पुरावा आमच्यापाशी नव्हता आणि त्यांच्यापाशी असण्याचा प्रश्नच नव्हता. नकार देणाऱ्या माणसाला त्याची सही कोठेच करावी लागत नाही, आणि सारी शिक्षा मात्र अर्जदाराला भोगावी लागते, ही आपल्याकडची रीत मला आजही संतापजनक वाटते. असो.

म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज खिडकीवर द्यावाच, परंतु त्याच दिवशी तोच अर्ज टपालानेही पाठवावा. आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पोस्टात जुन्या सवयीने ‘रजिस्टर’ मागत बसू नये. स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागवावी आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. भाषेबद्दल सांगायचे तर संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे तक्रार-निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मराठी ही बेळगाव जिल्ह्यात वापरली जाणारी भाषा आहे, हे सिद्ध करायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत असेही आहे की ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात. या संरक्षणांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्राचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतात, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते. अर्ज नाकारला गेल्यास त्यांना लेखी कळवावे. ताबडतोब काही घडेल अशी आशा मात्र धरू नये.

तरीही, आणि यावर येथे काही जण रागावतील, मराठी मूळ अर्जासोबत कन्नड प्रत अवश्य जोडावी. छाननी करणारा अधिकारी कन्नडमध्ये वाचतो, कन्नडमध्ये टिप्पणी लिहितो, आणि आपली विहीर त्याच्या टिप्पणीत यावी हा आपला हेतू आहे. हक्क म्हणून मराठी अर्ज मुदतीत जाऊ द्यावा. कन्नड प्रत चार दिवस मागून गेली तरी चालेल.

याच धाग्यावर एका सदस्याने असे सुचवले आहे की सीमाप्रश्न न्यायालयात प्रलंबित असताना कर्नाटकाच्या आराखड्यावर हरकत घेणे म्हणजे तो आराखडा मान्य करणेच होय. ही भावना मला समजते. मीही १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालत आलो आहे. पण महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि त्या काळात बेळगावच्या भोवतीची किती शेती बिगरशेती झाली ते प्रत्येकाने आपल्या शिवारात उभे राहून पाहावे. एका खातेदाराच्या हरकतीने सीमाभागातील ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा दुबळा होतो, हे मला कोणत्याही जाणत्या माणसाने आजवर पटवून दिलेले नाही. उलट हरकत न घेतल्यास रेघ कायम होते, आणि पुढे राज्य कोणतेही असो, विहीर रस्त्याखालीच जाते.

आजोबांच्या नावाचा प्रश्न आपण ओघात लिहिला आहे, पण तो ओघातला नाही. वारसा लावण्याचा अर्ज आजच द्यावा आणि त्याची पोच हरकतीला जोडावी. नाहीतर सुनावणीत ‘आपला संबंध काय’ येथूनच सुरुवात होते. भावांचे हिस्से प्रत्यक्षात वेगळे असून मोजणी झालेली नसेल तर पोडी, म्हणजे मोजणी करून हिश्श्यांची फोड, करून घ्यावी, कारण सर्व्हे नंबरचा काही भाग विकताना किंवा वाटून घेताना इलेव्हन-ई स्केच, म्हणजे त्या भागाचा मोजणी नकाशा, लागतेच आणि त्या वेळी घाई उपयोगाची नसते. जुने टिपण (मोजणीची मूळ नोंद) व आकारबंद (क्षेत्र आणि आकाराची नोंद) भूमापन खात्यातून मागवून घ्यावेत. १९५६ पूर्वी आपला भाग मुंबई राज्यात असल्यामुळे अनेक घरांत जुने उतारे आणि फेरफार मराठीत आहेत, काही मोडीतही आहेत; ते ट्रंकेत तसेच पडू न देता त्यांच्या साक्षांकित नकला काढाव्यात. विहिरीचा उल्लेख आम्हाला अशाच एका जुन्या उताऱ्यात सापडला, चालू उताऱ्यात तो गळून गेला होता.

हरकतीत काय मागावे याबद्दल माझे मत जरा परखड आहे. ‘रस्ताच नको’ ही मागणी बहुधा फेटाळली जाते. रस्ता सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून न्या, अस्तित्वात असलेल्या गाडीवाटेवरून न्या, नाल्याच्या बाजूने सरकवा, अशी मागणी अधिकाऱ्याला नकाशावर रेखाटून पाहावी लागते, आणि एकदा त्याने पेन्सिल उचलली की पुढे बोलता येते. पाण्याचा मुद्दा तर सोडूच नये. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शिवारात कसे पसरते आणि उभे भात कसे कुजवते, हे या बाजूच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे; त्या पाण्याला आडवा भराव टाकून रस्ता केला तर वरच्या बाजूचे शेत किती दिवस बुडून राहील, हा प्रश्न तारीख दिसणाऱ्या फोटोंसह मांडावा. भावनेपेक्षा हा मुद्दा अधिक टिकतो.

आपल्या लिखाणात आराखडा आणि भूसंपादन यांची सरमिसळ झालेली दिसते. नकाशात रेघ आली म्हणजे जमीन गेली असे होत नाही. संपादनासाठी वेगळी अधिसूचना निघते आणि तिची मुदत वेगळी असते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखाली हरकतीसाठी केवळ २१ दिवस मिळतात, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवस मिळतात. हलगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांचा वर्षानुवर्षांचा लढा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक गोष्ट अशी की २०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागातील जमिनीच्या बाजारमूल्याला एक ते दोनच्या दरम्यानचा गुणक लागतो, शहरी भागात तो एकच असतो. म्हणून गाव शहराच्या हद्दीत घेतले जाणार या बातमीने पेढे वाटण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये, ठरावीक सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन पाच वर्षांत संपादित झाली नाही तर ते आरक्षण व्यपगत होते, म्हणजे गळून पडते, अशीही तरतूद आहे. मात्र व्यपगत झाले असे आपणहून कोणी पत्र पाठवत नाही, बहुधा उच्च न्यायालयातच जावे लागते.

माझे आजोळ अंकोल्याकडचे असल्यामुळे ‘सीबर्ड’ या नौदल प्रकल्पाचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. १९७१ च्या युद्धानंतर पश्चिम किनाऱ्यावर मुंबईशिवाय आणखी एक मोठा नौदल तळ हवा हा विचार बळावला, १९८६ मध्ये कारवारजवळ पायाभरणी झाली आणि २००५ मध्ये आयएनएस कदंब नौदलात दाखल झाले. मधल्या वर्षांत अर्गा-बिणगा परिसरातील आणि पुढे अंकोल्यापर्यंतची गावे उठली. देशाच्या संरक्षणाला तेथे कोणाचा विरोध नव्हता. पण मासेमारीवर जगणाऱ्या घरांपाशी जमिनीचे कागद फारच थोडे होते, आणि जाळी वाळवण्याची जागा, होडी ओढण्याची वाट यांची नोंद तर कोणत्याच उताऱ्यात नसते. त्या वेळच्या १८९४ च्या कायद्यात वाढीव भरपाईचा दावा करायचा असेल तर रक्कम घेताना हरकत नोंदवावी लागे. ज्यांना हे कोणी सांगितले नाही त्यांनी मुकाट्याने अंगठा उठवला, आणि ज्यांना माहीत होते ते न्यायालयात भांडत राहिले. प्रकल्प येणार हे माहीत असूनही कागद तयार नव्हते, म्हणून मी वारसा आणि विहिरीच्या नोंदीसाठी एवढा मागे लागतो आहे.

काही किरकोळ गोष्टीही सांगतो. नकाशाची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागावी, परंतु कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, अन्यथा तो त्याच कारणाने परत येतो. माहिती मिळायला तीस दिवस लागू शकतात, म्हणून हरकत त्या प्रतीसाठी अडवून ठेवू नये. सध्या गावात फिरणारे एजंट ‘हिरव्या पट्ट्यात गेले, आता काही मिळणार नाही’ असे सांगून बाँड पेपरवर गुंठ्यांचे व्यवहार करत असतील, तर त्यांना चहासुद्धा पाजू नये. तो पट्टा उद्या पिवळा झाला तर फायदा त्यांचा आणि न झाला तर नोंद न होणारा प्लॉट घेणाऱ्या गरिबाचे नुकसान, असा तो धंदा आहे.

हिरव्या पट्ट्यात गेलेल्या तुकड्याबद्दल मात्र घाई करू नये, असे माझे मत आहे. आपल्याला शेतीच करायची असेल तर शेती विभाग म्हणून तो हिरवा राहण्यात तोटा नाही. उद्यान म्हणून राखून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी आहे, आणि नकाशात दोन्हींच्या हिरव्या छटा जवळजवळ सारख्याच दिसतात. सूचीत नेमका कोणता वापर लिहिला आहे ते पाहून येथे कळवावे. त्यासोबत सूचनेवरील आणि राजपत्रातील अशा दोन्ही तारखाही लिहाव्यात, म्हणजे साठांपैकी किती दिवस हाती उरले आहेत ते सांगता येईल.