ही खोली पूर्वी कशाची होती?

महाल, हवेल्या, सरदार-उमरावांची घरं यांची आता हॉटेलं झाली आहेत. त्यांत राहण्याबद्दल या वेळी पत्रांचा ढीग आला. मी अठ्ठावीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम केलं. त्यामुळे अशा हॉटेलात शिरले की माझी मान आधी वर, छताकडे जाते. सामान कोण घेतंय, किल्ली कुणाकडे आहे, हे नंतर. माझ्या नवऱ्याला याचा मनस्वी वैताग येतो. उत्तरं त्याच वाकड्या मानेने दिली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं एका जुन्या प्रासादात दोन रात्री राहायचं ठरवलंय. वेबसाइटवर खोल्यांचे सहा प्रकार आहेत आणि फोटो सगळ्यांचेच देखणे. सर्वांत स्वस्त खोली घेतली तर काय बिघडलं? इमारत तर तीच ना?

उत्तर : इमारत तीच असेल याचीही खात्री धरू नका. मूळ घरात पंधरा-वीस खोल्या निघतात. तेवढ्यावर हॉटेल चालत नाही. मग मागे नवी विंग उठते, नाहीतर तबेल्याच्या खोल्या होतात. फोटो पुढच्या घराचे आणि तुमचा पलंग मागच्या विंगेत, असा प्रकार सर्रास चालतो. म्हणून बुकिंगच्या आधी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. खोली मूळ घरात आहे का? आणि ती पूर्वी कशाची होती?

दुसऱ्या प्रश्नाला फोनवरचा मुलगा गडबडतो. गडबडू द्या, सोडू नका. कारण ही घरं बांधतानाच कोण कुठे झोपणार हे ठरलेलं असायचं आणि छताची उंची त्यावरून ठरायची. व्हेनिसमधले पालाझ्झो, म्हणजे तिथल्या उमरावांचे वाडे, घ्या. तळमजला पाण्याला लागून, तिथे होड्यांतून माल उतरायचा. त्याच्या वरचा मजला म्हणजे 'पियानो नोबिले', खानदानी मजला. तो मालकाचा, छत सर्वांत उंच, खिडक्या सर्वांत मोठ्या. आणि पार वर, कौलांखाली, नोकरमाणसं. इंग्लंडमधल्या मोठ्या घरांतही चाकरमंडळी एक तर पोटमाळ्यावर, नाहीतर तळघरात. त्या पोटमाळ्याला आज काहीतरी गोंडस नाव देतात आणि ती सर्वांत स्वस्त खोली असते.

मी एकदा अशी खोली घेतली होती. पहाटे उठले आणि तुळईवर कपाळ आपटलं. टेंगूळ चार दिवस होतं. खिडकी गुडघ्याच्या उंचीला. बाग पाहायची तर जमिनीवर मांडी घालून बसायचं. तरी खोटं कशाला बोलू, ती खोली मला आवडली. दारामागे लाकडी खुंट्यांची रांग होती. आठ खुंट्या. एवढ्याशा जागेत किती जणी राहत असतील, याचा हिशेब करत मी बराच वेळ पडून होते. पण मी एकटी होते आणि कुठला वाढदिवसही नव्हता.

खोलीत पाऊल टाकलंत की तुम्हीही वर बघा. दिवाणखान्याच्या छताला गिलाव्याचं एक मोठं फूल असतं, त्यातून झुंबर सोडलेलं असतं आणि ते छताच्या बरोबर मध्यावर असतं. तेच फूल भिंतीला खेटलेलं दिसलं, किंवा अर्धंच दिसलं, तर समजा की मोठ्या दालनाच्या दोन खोल्या केल्यात आणि उरलेल्या अर्ध्या फुलाखाली शेजारी झोपलेत. बाथरूमचंही तेच. त्या काळी खोलीगणिक न्हाणीघर नसायचं, म्हणजे आज जे आहे ते नंतर घुसवलेलं. एका ठिकाणी छताच्या कडेची द्राक्षवेल तीन भिंतींवरून डौलात आली आणि चौथ्या भिंतीपाशी पान अर्ध्यात कापून थांबली. पलीकडे संडास. जाणता वास्तुविशारद असं करत नाही. तो बाथरूम कपाटासारखं खोलीत ठेवतो, त्याच्या भिंती छताला भिडू देत नाही. नक्षी वरून अखंड जाते, आणि उद्या ते कपाट काढलं तरी मूळ खोलीला ओरखडा राहत नाही.

पैसे मोजकेच असतील तर पोटमाळ्यावर दोन रात्रींपेक्षा खानदानी मजल्यावर एकच रात्र काढा. पंचविसाव्याला तरी.

प्रश्न : भरपूर पैसे मोजून आम्ही एका नावाजलेल्या हवेलीत राहिलो. जमीन पावलागणिक कुरकुरत होती, बंद खिडकीतून वारा येत होता, गरम पाण्याला दहा मिनिटं लागत होती आणि भिंतीला कुबट वास होता. मॅनेजरचं सगळ्यावर एकच उत्तर, "मॅडम, हेरिटेज आहे." हे ऐकून घ्यायचं का?

उत्तर : अर्धं ऐकून घ्यायचं.

जमीन कुरकुरणारच. वाशांवर फळ्या ठोकलेल्या असतात. वर्षानुवर्षं लाकूड सुकतं, आकसतं, खिळ्याभोवतीचं भोक सैल होतं. पाय पडला की फळी खिळ्यावर खालीवर घासते. तो आवाज त्या घासण्याचा. सगळ्या फळ्या उचलून पुन्हा ठोकायच्या म्हटलं तर निम्म्या मोडतात. चांगली हॉटेलं गालिचा घालतात, त्याखाली जाड अस्तर देतात, आणि गप्प बसतात. वरच्या मजल्यावर कुणी दणादण चालणारं असेल, तर मात्र वरची खोली मागून घेण्यावाचून इलाज नाही.

खिडकीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. खिडकी बदलणं पुष्कळदा मालकाच्या हातात नसतं. इंग्लंडमध्ये वारसा इमारतींचे तीन दर्जे आहेत, आणि यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय तिचं रूप पालटणारा फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन काचांची नवी खिडकी आणली आणि बसवली, असं तिथे चालत नाही. पण मूळ चौकटीला धक्का न लावता आतल्या बाजूने दुसरं तावदान बसवता येतं. आवाजही अडतो, वाराही. तेव्हा "खिडकी जुनी आहे" यावर "आतलं तावदान का नाही?" एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

गरम पाण्याचं कौतुक ऐकूनच घेऊ नका. बॉयलर तळघरात आणि खोली दूर टोकाला असली की मधल्या नळीतलं गार पाणी आधी बाहेर पडतं. पाणी नळीतून सतत फिरतं ठेवायची सोय केली की हा प्रश्न मिटतो. ती सोय नवीच असते, हेरिटेज नसते. नळ काही उमरावाच्या काळातला नाही.

आणि कुबट वास? त्यावर माझा राग आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या, चुन्याचाच गिलावा. अशा भिंतीत ओल येते आणि तशीच बाहेर उडूनही जाते. कोणीतरी शहाणा येतो, त्यावर सिमेंटचा गिलावा फिरवतो, वर प्लास्टिकचा रंग देतो. भिंत चकचकीत दिसते, ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांनी रंगाचे पापुद्रे निघतात आणि गादीपर्यंत वास येतो. हा इमारतीचा दोष नाही, दुरुस्तीचा आहे. ज्यांनी भिंतीला चुना लावायचा त्यांनी तो तुम्हाला लावला. खोली बदलून मागा, आणि ती मिळाली नाही तर पैसे मागा.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला अशा हॉटेलात राहायची फार हौस आहे. न्यावं का?

उत्तर : न्या. पण "लिफ्ट आहे का?" असं विचारू नका. "आहे" म्हणतील, आणि ते खरंही असेल. "लिफ्टमधून उतरल्यावर खोलीच्या पलंगापर्यंत किती पायऱ्या आणि किती उंबरे आहेत?" असं विचारा. मुख्य जिना म्हणजे घराचा दागिना, त्याला हात लावत नाहीत. लिफ्ट मागच्या नोकरांच्या जिन्याजवळ किंवा उजेडासाठी सोडलेल्या चौकात बसवतात. घराचे भाग वेगवेगळ्या काळात बांधलेले असले की मजल्यांची पातळी जुळत नाही. मग लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि पुढे तीन पायऱ्या उतरून चार चढायच्या. मोजून आकडा सांगा म्हणावं. आकडा सांगत नसतील तर सोडा. तळमजल्यावरची खोली मिळाली तर उत्तमच. नाचदालनाला लागून नाही ना, तेवढं बघा. लग्नं तिथेच असतात.

उदयपूरच्या तलावातल्या जगनिवासासारख्या ठिकाणी तर आधी नावेत चढायचं असतं. आईंना ते कदाचित लिफ्टपेक्षा सोपं जाईल. पण काठावरच्या पायऱ्यांचं आधी विचारून घ्या.

प्रश्न : रात्री खोलीत ठक्... ठक्... असा आवाज येत होता. भिंतीच्या आतून. हसू नका, मी दिवा लावून बसले होते.

उत्तर : हसत नाही, मीही बसले आहे. तुमच्या खिडकीची तावदानं खाली-वर सरकणारी होती का? तसं असेल तर उत्तर सोपं आहे. अशा खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना पोकळ खोबण असते आणि तिच्यात दोरीला लोखंडी वजनं लोंबत असतात. त्यांच्या तोलामुळे तावदान हवं तिथे थांबतं. वारा सुटला की तावदान हलतं, दोरी हलते आणि वजन लाकडावर टकटक करतं. कागदाची जाड घडी करून तावदानाच्या आणि चौकटीच्या फटीत दाबून बसवा. भूत बहुतेक वेळा तेवढ्यावर जातं.

प्रश्न : प्रत्येक ठिकाणच्या माहितीपत्रकात "येथे अमुक महाराज राहत", "सतराव्या शतकातील वास्तू" असं लिहिलेलं असतं. यातलं खरं किती मानायचं?

उत्तर : जागा, इमारत आणि आतलं सामान यांची वयं वेगवेगळी असू शकतात, हे धरून वाचलं की बराच उलगडा होतो. इंग्लंडमधलं क्लाइव्हडन हे हॉटेल बघा. तिथलं पहिलं घर १६६६ मध्ये दुसऱ्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमने सुरू केलं, हे खरं. पण ते १७९५ मध्ये जळालं, नंतरचं १८४९ मध्ये जळालं. आज तुम्ही ज्यात राहता ते चार्ल्स बॅरीने बांधलेलं, १८५१ चं. आणि त्याच्या फ्रेंच जेवणघराच्या नक्षीदार लाकडी भिंती? त्या पॅरिसजवळच्या आस्निएरच्या प्रासादातून उचलून आणलेल्या. म्हणजे सतराव्या शतकातली जागा, एकोणिसाव्यातली इमारत आणि अठराव्यातली, तीही परक्या घरची, भिंत. यात खोटं कोणीच बोलत नाही. फक्त सगळं एका वाक्यात लिहिलं की वाचणारा फसतो.

जयपूरच्या रामबागचंही तसंच. १८३५ मध्ये ते बागेतलं एक घर होतं. पुढे शिकारीसाठी वापरलं, मग वाढवून राजवाडा केला, १९५७ पासून हॉटेल. जोधपूरचं उमेदभवन डोळे दिपवतं, पण वयाने अजून शंभरचंही नाही. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ मध्ये पाया घातला आणि १९४३ मध्ये बांधकाम पुरं झालं. ३४७ खोल्या! एका भागात राजघराणं राहतं, एका भागात संग्रहालय, एका भागात पाहुणे. १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्यानंतर इतक्या खोल्यांची गळती काढायला पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न अनेक घराण्यांपुढे होता. मी गळत्या काढल्या आहेत, त्यामुळे राजेरजवाड्यांची मला एवढ्याचपुरती कीव येते.

आणि कधीकधी माहितीपत्रक खऱ्यापेक्षा कमीच सांगतं. इंग्लंडमधल्या हार्टवेल हाउसमध्ये फ्रान्सचा अठरावा लुई १८०९ ते १८१४ विजनवासात राहिला होता. आज ते हॉटेल आहे. "राजाचं निवासस्थान" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मखमल येते. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर शंभरावर माणसं आली होती. मोठ्या दालनांचे तुकडे पाडून त्यांत कुटुंबं कोंबली आणि छतावर कोंबड्या नि ससे पाळले. तेव्हा अर्ध्या फुलाबद्दल मी वर हॉटेलवाल्यांना जे बोलले, त्यातलं थोडं मागे घेते. द्राक्षवेलीबद्दलचं नाही.