सामना हाती घेणारी खेळाडू

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलसंबंधीचे प्रश्न बरेच आहेत. त्यांपैकी चार प्रश्न एकाच धाग्यातले असल्यामुळे ते या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहतो आणि कनेक्टिकट विद्यापीठाच्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘युकॉन’च्या, मुलींच्या संघाचे सामने घरातले सगळे एकत्र बसून पाहतो. २०२५ मध्ये हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, तेव्हापासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. माझ्या मुलीच्या मते त्या संघात सामना एकहाती फिरवणारी खेळाडू पेज बेकर्स होती, माझ्या मते अ‍ॅझी फड आणि माझ्या पत्नीच्या मते सारा स्ट्राँग. आपले मत काय? – एक वाचक, हार्टफर्ड

उत्तर : आपल्या घरातला वाद मला फार आवडला, कारण तिघांनीही नेमके तेच नाव घेतले आहे जे घ्यायला हवे होते, आणि तिन्ही नावे वेगवेगळ्या कारणांसाठी घ्यावी लागतात. सामना हाती घेणे म्हणजे पुष्कळ गुण करणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझी कसोटी थोडी वेगळी आहे. एखाद्या खेळाडूमुळे समोरच्या पाचही जणींना आपली ठरलेली जागा आणि ठरलेला बचाव सोडावा लागत असेल, तर सामना तिच्या हातात आहे असे मी समजतो, मग गुणफलकावर तिच्या नावापुढे काहीही आकडा असो.

या कसोटीवर बेकर्सचे २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेतले मार्चमधले सामने पाहा. शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत ओक्लाहोमाविरुद्ध तिने ४० गुण केले, ही तिच्या संपूर्ण महाविद्यालयीन कारकिर्दीतली सर्वोच्च खेळी होती, आणि त्यांपैकी बहुतेक गुण तिने उत्तरार्धात मिळवले. युकॉनने तो सामना ८२–५९ असा जिंकला. पुढच्याच फेरीत सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध तिने ३१ गुण केले. अर्थात त्या संघाची आधारस्तंभ जुजू वॉटकिन्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बेकर्सचे हुकमी अस्त्र म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या आसपास ड्रिबल करत येऊन अचानक थांबून मारलेला जंप शॉट. ती क्षणभर चाल मंदावते, बचाव करणारीचे वजन टाचांवर जाते आणि तेवढ्या अवधीत बेकर्स हवेत असते. हा शॉट अडवायला दुसरी खेळाडू धावली, तर मोकळ्या झालेल्या सहकारीला चेंडू पोहोचलेला असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यामुळे जिचा अख्खा हंगाम वाया गेला, तिने त्याच पायांवर हा थांबण्याचा आणि उसळण्याचा खेळ पुन्हा उभा केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

फडचा खेळ याच्या उलट आहे. तिच्या हातात चेंडू नसतानाच तिचे बरेचसे काम झालेले असते. ती स्क्रीनच्या, म्हणजे बचाव करणारीची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकारी खेळाडूच्या, आडून धावत राहते, कोपऱ्यातून वर येते, पुन्हा कोपऱ्यात जाते, आणि पास हातात पडतो तेव्हा तिची पावले आधीच बास्केटच्या दिशेने रोवलेली असतात, त्यामुळे झेलणे आणि सोडणे यांत अंतर राहत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत युकॉनने साउथ कॅरोलिनाला त्यांच्याच मैदानावर ८७–५८ असे हरवून त्यांची घरच्या मैदानावरील सलग ७१ विजयांची मालिका खंडित केली, त्या दिवशी फडने २८ गुण केले होते. एप्रिलमध्ये टॅम्पा येथे अंतिम सामन्यात तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला, तेव्हा तिने २४ गुण केले आणि अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्यामुळे आपले मत निराधार मुळीच नाही.

तरीही प्रतिस्पर्धी प्रशिक्षक म्हणून मला रात्री झोप लागू न देणारी खेळाडू निवडायला सांगितली, तर मी आपल्या पत्नींच्या बाजूने मत देईन. स्ट्राँग तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होती आणि अंतिम सामन्यात तिने २४ गुणांबरोबर १५ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू, घेतले. सहा फुटांहून उंच असलेली ही मुलगी बास्केटखाली जितकी भक्कम आहे, तितकीच ती तीन गुणांच्या रेषेबाहेरूनही धोकादायक आहे आणि तिथूनच अचूक पासही देते. तिच्यावर उंच खेळाडू ठेवली तर ती तिला बाहेर खेचून नेते, आणि चपळ पण बुटकी खेळाडू ठेवली तर तिला पाठीवर घेऊन आत शिरते. बेकर्सचा हात एखाद्या दिवशी चालला नाही, असे होऊ शकते, फडलाही ती मोकळीक मिळाली नाही, असे होऊ शकते. रिबाउंडला मात्र वाईट दिवस क्वचितच येतो.

आपल्या मुलीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अंतिम सामन्यात बेकर्सच्या नावावर १७ गुण होते, म्हणजे त्या तिघींमध्ये सर्वांत कमी. तो तिचा महाविद्यालयातला शेवटचा सामना होता, पाच वर्षांत विजेतेपद हाती आलेले नव्हते, आणि सगळा देश तिच्याकडेच पाहत होता. अशा वेळी खेळाडू हट्टाने शॉटवर शॉट मारत सुटते. बेकर्स तशी सुटली नाही, चेंडू जिच्याकडे जायला हवा होता तिच्याकडे तो जात राहिला आणि युकॉनने ८२–५९ असा विजय मिळवून २०१६ नंतरचे पहिले आणि एकूण बारावे विजेतेपद पटकावले. सामना संपत आला असताना तिला बाहेर बोलावले गेले आणि प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांच्या मिठीत ती रडली, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले असेलच.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या संघात फॉरवर्ड आहे. मला फारसे शूटिंग जमत नाही, म्हणून मैत्रिणी मला ‘भरतीची खेळाडू’ म्हणतात. गुण न करता सामन्यावर पकड मिळवता येते का? – एक खेळाडू, सांगली

उत्तर : निश्चित येते, आणि त्याचे उदाहरण याच राष्ट्रीय स्पर्धेच्या २०२४ च्या क्लीव्हलंड येथील अंतिम सामन्यात आहे. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने त्या दिवशी पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले होते आणि एकूण ३०. असा झंझावात समोर असताना साउथ कॅरोलिनाने ८७–७५ असा सामना जिंकून ३८ पैकी ३८ विजयांचा हंगाम पूर्ण केला. तो कसा जिंकला हे तुम्ही नीट पाहावे, असे मला वाटते. कमिला कार्डोसोने १५ गुण केले, पण रिबाउंड घेतले १७. म्हणजे आयोवाचा नेम चुकला की चेंडू तिच्या हाती, आणि स्वतःच्या संघाचा नेम चुकला तरी पुष्कळदा पुन्हा तिच्याच हाती. क्लार्कला एका डावात ज्या संधी मिळायला हव्या होत्या, त्यांपैकी कितीतरी अशा कापल्या गेल्या.

दुसरी खेळाडू रेव्हन जॉन्सन. आदल्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात क्लार्कने तिला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळे सोडले होते आणि ‘मारायचा तर मार शॉट’ अशा अर्थाने हात झटकला होता. तो हातवारा देशभर दाखवला गेला. वर्षभराने अंतिम सामन्यात क्लार्कच्या अंगावर सावलीसारखी राहण्याचे काम याच जॉन्सनकडे आले. पूर्वार्ध संपता संपता तिने क्लार्कच्या हातातला चेंडू हिसकावून घेतला आणि एकटीने धावत जाऊन बास्केट केली. दोन गुणांची ती बास्केट होती, पण तिच्यानंतर क्लार्कला चेंडू पुढे आणताना आधीसारखे मोकळेपण राहिले नाही.

तुम्ही पुढच्या सामन्यापासून एक सवय लावून घ्या. शॉट बास्केटच्या दिशेने सुटला की चेंडूकडे पाहत उभे राहू नका, आधी प्रतिस्पर्ध्याला पाठ लावून अडवा, मग चेंडू शोधा. रिबाउंड उंचीपेक्षा या अर्ध्या सेकंदावर जास्त ठरतो. हे काम तुम्ही चाळीस मिनिटे केलेत, तर मैत्रिणींना तुमच्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागेल.

प्रश्न : आमच्या संघात एक अतिशय गुणी मुलगी असून संघाचे निम्म्याहून अधिक गुण ती एकटी करते. परंतु प्रतिस्पर्धी संघाने तिच्यावर दोन खेळाडू घातल्या की आमचा खेळ कोलमडतो. मार्गदर्शन करावे. – एक प्रशिक्षक, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला माझीच एक चूक आठवली. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात शेवटची दोन मिनिटे उरली असताना आमच्याही संघात अशीच एक मुलगी होती आणि मी कडेवरून सतत ‘तिला दे, तिला दे’ एवढेच ओरडत होतो. उरलेल्या चौघी चार कोपऱ्यांत उभ्या राहून तिच्याकडे पाहू लागल्या. तिच्यावर दोघी आल्या, म्हणजे आमच्यातली एक मोकळी होती, पण ती मोकळी आहे हे तिला स्वतःलाही कळले नव्हते, कारण आपल्याकडे चेंडू येईल अशी तिची अपेक्षाच मी मारून टाकली होती. तो सामना आम्ही हरलो आणि तो त्या मुलीमुळे नव्हे, माझ्यामुळे हरलो.

आयोवाच्या क्लार्कचा खेळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तिच्या नावावर ३,९५१ गुण आहेत, अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुष आणि महिला या दोन्हींत मिळून हा विक्रम आहे. या आकड्यापुढे तिचे हजाराहून अधिक असिस्ट, म्हणजे सहकारीला बास्केट मिळवून देणारे पास, झाकले जातात. २०२३ मध्ये लुइव्हिलविरुद्ध तिने ४१ गुण केले, आणि त्याच सामन्यात १२ वेळा तिच्या पासवर सहकाऱ्यांनी बास्केट केली. तिच्यावर दोघी धावून येणार, हे तिला आणि उरलेल्या चौघींनाही आधीपासून ठाऊक असे, आणि त्या क्षणी कोणी कुठे कापायचे हे ठरलेले असे. २०२४ च्या उपांत्य सामन्यात युकॉनने तिला २१ गुणांवर रोखले, तेव्हा हॅना स्टुल्कीने २३ गुण करून आयोवाला ७१–६९ असे जिंकून दिले.

उलट बाजूने पाहायचे, तर २०२३ च्या अंतिम सामन्यात आयोवाला लुइझियाना स्टेटने १०२–८५ असे हरवले. सगळ्यांचे लक्ष लुइझियाना स्टेटच्या एंजल रीसकडे असताना राखीव खेळाडूंमधून आलेल्या जास्मिन कार्सनने २२ गुण केले, त्यांपैकी जवळजवळ सगळे पूर्वार्धात. अशी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या आराखड्यात नसते.

आपण सरावात आठवड्यातून दोन दिवस असा खेळ लावा, की आपल्या त्या गुणी मुलीला शॉट मारण्याची मनाई असेल आणि तिच्यावर कायम दोघी असतील. चौघींनी तीन जणींविरुद्ध बास्केट शोधायची. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, तो होऊ द्या. कडेवरून तिचे नाव घेऊन ओरडू नका, ही विनंती मी अनुभवाने करतो. आणि तिच्या फाउलवर लक्ष ठेवा, कारण पाचवा फाउल झाला की चाळीस मिनिटांतली उरलेली सगळी मिनिटे तिच्याविना काढायची असतात.

प्रश्न : शेवटच्या सेकंदाला शॉट मारणारी खेळाडू जन्मजात असते की घडवता येते? आपल्याकडच्या मुलींमध्ये अशी कोणी झाली आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१८ च्या अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत नोटर डेम विद्यापीठाच्या अरिके ओगुनबोवालेने उपांत्य सामन्यात युकॉनविरुद्ध जादा वेळेत एक सेकंद उरला असताना बास्केट करून ९१–८९ असा विजय मिळवून दिला. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध बरोबरी असताना जॅकी यंगने बाहेरून दिलेला चेंडू घेऊन ती उजव्या कोपऱ्याकडे सरकली आणि तोल बाजूला झुकलेला असतानाच तिने चेंडू सोडला. घड्याळात एक दशांश सेकंद उरला होता. नोटर डेम ६१–५८ असा जिंकला. त्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतींमुळे त्या संघाच्या चार खेळाडू बाहेर होत्या, त्यामुळे ही जबाबदारी घेणाऱ्या मुलीवरचा ताण किती असेल, याची कल्पना करावी. एकदा असे होणे नशिबाचे म्हणता येईल, परंतु दोन दिवसांत दोनदा ते होते, तेव्हा चेंडू आपल्याकडे यावा असे मनापासून वाटणारी खेळाडू तिथे उभी असते. ही इच्छा पुष्कळशी स्वभावाची असते, मात्र थकलेल्या पायांनी, झुकलेल्या अंगाने तोच शॉट रोज मारण्याची सवय मैदानावरच लागते.

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर पुण्याच्या शिरीन लिमयेचे घ्यावे लागेल, जी पुढे भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बंगळुरू येथे झालेल्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले, त्या विजेत्या संघातही ती होती. दोन गुणांच्या फरकाने जिंकलेला तो सामना आपल्या मुलींना दाखवण्याची सोय असेल, तर शेवटची पाच मिनिटे त्यांना दोनदा दाखवावीत. एकदा चेंडूकडे पाहत आणि एकदा चेंडू हातात नसलेल्या चौघींकडे पाहत.