मोरचूद, निकेल आणि पोटातला जंतू: तुमचे प्रश्न

जंतूच्या प्रथिनाला धातू चिकटतो म्हणजे काय आणि त्याचा आपल्या पोटाशी काय संबंध, हेच फिरून फिरून विचारलं जातंय, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रॅक्टिकलला अंड्याच्या पांढऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचूद घातलं की जांभळा रंग येतो. जंतूच्या प्रथिनालाही येईल का? (देवगड)

येईल. सुपारीवर फवारतो त्याच मोरचुदातलं तांबं पेप्टाइड साखळीतल्या, म्हणजे अमिनो आम्लं एकमेकांना जोडून झालेल्या साखळीतल्या, नायट्रोजनला धरतं, साखळी कुणाची का असेना.

एच. पायलोरी (जठरात अल्सर करणारा जंतू) निघालाय. त्याला निकेल लागतं म्हणे, मग काजू बंद करू? (वेंगुर्ला)

मनाने काही बंद करू नका, पोटाच्या डॉक्टरांना विचारा. निकेल लागतं हे खरं. त्याचं युरिएज हे एन्झाइम निकेलशिवाय चालत नाही, आणि युरियापासून अमोनिया करूनच तो जठरातल्या आम्लात तग धरतो. त्याच्याकडे एचपीएन नावाचं छोटं प्रथिन आहे, ६० अमिनो आम्लांचं, त्यातली २८ हिस्टिडिन! हिस्टिडिनच्या कड्यातला नायट्रोजन निकेलला धरतो, पण आम्ल वाढलं की त्या जागी हायड्रोजन येऊन बसतो आणि निकेल सुटतं.

मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन तो मरेल ना? शेजारच्या काकूंचा बरा झाला. (गुहागर)

नाही, आणि हे ऐकून ऐकून मी खरंच वैतागलोय. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण ते भांड्यातले, जठराच्या चिकट थरात दडून बसलेला जंतू वेगळा, शिवाय पोटात गेलेलं तांबं अन्नातल्या पेप्टाइडनाच आधी जाऊन चिकटतं. वर लोक त्याच भांड्यात कोकम सरबत ठेवतात, कल्हई गेलेली असते, आम्लाने तांबं उतरतं, सरबत कळकतं, मग उलट्या. आजीला हे माहीत होतं हो! जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. मला खरी भीती वाटते ती उशिराची, महिनोन्‌महिने पाणी पीत बसायचं आणि तोवर आतला अल्सर वाढत राहतो. डांबरासारखी काळी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. डॉक्टर देतील तो अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा, आणि जंतू गेला का याची टेस्ट कधी करायची तेही विचारून घ्या, कारण पित्ताच्या गोळ्या चालू असल्या तर ती फसते.

‘शरीरातले जड धातू ओढून काढणारी पेप्टाइड पावडर’ घेऊ का? (मालवण)

नको. टेस्टट्यूबमध्ये धातू धरणारं पेप्टाइड पोटात पचून जातं. शिशाची शंका असेल तर फिजिशियनना दाखवून रक्त तपासा.